माफक पावसाचं गाऱ्हाणं

आमच्या घरात दोन ग्रीक राहायचे. मरून कितीतरी शतकं झालेली, पण मुक्काम आमच्याकडे. त्यातला एक सांगायचा की उत्तम ते नेहमी मधलं असतं. धैर्य म्हणजे भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मधलं, औदार्य म्हणजे कंजूषपणा आणि उधळेपणा यांच्या मधलं. दुसरा लंगडा होता, कधीकाळी गुलाम होता, आणि तो सांगायचा की जे आपल्या हातात नाही त्याच्यासाठी माणसाने जीव टाकू नये. दोघांचीही नावं आई घरात घेऊ द्यायची नाही. ती त्यांना ‘तुमचा तो मधला’ आणि ‘तुमचा तो लंगडा’ म्हणायची. माझे वडील, म्हणजे अण्णा, रत्नागिरीच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. वर्गात मुलं पाच-सात, तीही पंख्याखाली बसायला आलेली. त्यामुळे तिथे खपलं नाही ते सगळं ज्ञान अण्णा संध्याकाळच्या एसटीने गावी घेऊन यायचे आणि आमच्या डोक्यावर ओतायचे. मालगुंडच्या अलीकडे आत वळलं की आमचं गाव. तिथे तोपर्यंत ग्रीक काय, धड पुण्याचा माणूसही फारसा आलेला नव्हता.

जेवायला बसलं की मधला पाटावर हजर. आई बांगड्याचं तिखलं करायची, त्रिफळं आणि कोकम घालून. त्याचा वास खालच्या बांधापर्यंत जायचा आणि शाळेतून येताना माझी पावलं आपोआप झपाझप पडायची. अण्णा पहिला घास घेऊन डोळे मिटायचे आणि म्हणायचे की तिखट किंचित अतिरेकाकडे झुकलंय. आई सांगायची, मग भात जास्त घ्या. एकदा तिने विचारलं की तुमच्या त्या मधल्याने जन्मात कधी चुलीवरच्या भांड्यात मीठ घातलंय का. अण्णांनी हा प्रश्न फार गंभीरपणे घेतला, बराच विचार केला आणि म्हणाले, नसावं, त्या काळी घरात गुलाम असायचे. ‘हां,’ आई म्हणाली, ‘रांधणारं दुसरं असलं की सुचतं असलं.’ आणि तिने त्यांच्या ताटात आणखी एक पळी रस्सा ओतला.

‘मधलं म्हणजे निम्मं नव्हे,’ असं अण्णा कितीदा तरी सांगत. माणसागणिक, वेळेगणिक ते बदलतं. मला दोन भाकऱ्या तर शेतावर राबणाऱ्याला चार, आणि दोन्ही मधलंच. ऐकायला झकास. पण करायची वेळ आली की हे गृहस्थ निम्म्यावरच यायचे. मला कॉलेजला छत्री आणायची झाली तेव्हा लहान बरी की मोठी यावर अर्धा बाजार पालथा घातला आणि आणली मधली. रत्नागिरीच्या पावसात मधली छत्री म्हणजे काय, तर डोकं कोरडं आणि बाकी सगळी मी भिजलेली. तक्रार केली तर म्हणाले, पावसाचं प्रमाण आपल्या हातात नाही. म्हणजे एकाला पकडावं तर तोवर दुसरा ग्रीक दारात उभा.

मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची आणि नाकावर राग घेऊन जन्मलेली. आता साठी उलटली तरी तो तिथेच आहे, चष्म्याच्या जरा वर. यावरही अण्णांकडे ग्रीक तोडगा होता. रागावणं वाईट नाही, म्हणायचे. राग येतो सगळ्यांनाच, पण तो योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य वेळी आणि योग्य तेवढाच आला पाहिजे. आता सांगा, एवढ्या गोष्टी तपासत बसलं तर ज्याच्यावर रागवायचं तो जेवून, हात धुऊन, झोपून उठलेला असतो. बरं, हे स्वतः तरी कधी रागवावेत! आमच्या बागेतले फणस शेजारचा उघड उघड नेतोय आणि हे त्याला बांधावरून विचारतायत की बरका की कापा. मी पाय आपटत आत यायची आणि आई सुपातले तांदूळ जरा जोरात पाखडायला लागायची. आमच्या घराचा तो नेहमीचा आवाज होता.

परवा माझी नात सुट्टीला आली होती. मोबाईलवर एक दाढीवाला तरुण इंग्रजीत तावातावाने सांगत होता की जे हातात नाही ते सोडा आणि सुखी व्हा. नात म्हणाली, आजी, ऐक ना, काय भारी सांगतोय. मी म्हटलं, बंद कर ते आधी. तिला वाटलं म्हातारीला इंग्रजी कळलं नाही. चांगलं कळलं. ह्या लंगड्याशी माझं जुनं भांडण आहे, आणि ते शिमग्यातलं आहे.

गाऱ्हाणं म्हणजे काय हे आता आमच्याच मुंबईकर पोरांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघून सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या दगडी ओट्यावर येऊन बसते. सगळा गाव जमतो, मुंबईचे चाकरमानी येतात, नारळ ठेवले जातात. मग एक जण पुढे होऊन सगळ्या गावाच्या वतीने देवाला हाक घालतो. अमक्याच्या पोराला नोकरी लागू दे, तमक्याची म्हैस व्यायली नाही तिच्याकडे बघ, वैऱ्याची नजर पडली असेल तर काढ. आणि प्रत्येक मागण्यापाठोपाठ सगळा गाव एका दमात म्हणतो, ‘व्हय महाराजा.’ हा हाक घालायचा मान आमच्या घराकडे. थोरले काका, आबाकाका, ते करायचे. त्यांचा आवाज असा की सहाणेवर बोलले तर खाडीपलीकडे गुरं मान वर करायची. त्या वर्षी पौषात त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मान रिकामा राहत नाही, तो धाकट्या भावाकडे येतो. धाकटा भाऊ म्हणजे अण्णा.

आईला तेव्हाच धोका कळला होता. तिने अण्णांना बजावलं की आबा जसं म्हणत तसंच म्हणा, एक शब्द इकडचा तिकडे नको. अण्णा हो म्हणाले. पण विहिरीवर आंघोळ करताना त्यांची तालीम चालायची ती मी ऐकत होते. त्यांचं म्हणणं पडलं की आबा देवाकडे फार मागतो. भरभरून पीक, बक्कळ आंबा, पोतीच्या पोती. हा हावरेपणा झाला. मागायचंच तर माणसाने चांगलं मागावं, आणि चांगलं म्हणजे मधलं. आबाकाका पडवीत खाटेवर पडून हे ऐकायचे. त्यांना बोलता येत नव्हतं, पण डाव्या हाताने खाटेच्या लाकडावर अशा थपडा मारायचे की आई धावत जायची. पालथ्या घड्यावर पाणी. अण्णांना वाटायचं, आबाला तालीम आवडली.

आदल्या दिवशी शेवंतीकाकी आली. आमच्या वरच्या अंगाला तिचं घर. नवरा, महादेव, मुंबईला कारखान्यात होता. आधी शिमग्याला आणि गणपतीला न चुकता यायचा, मग एका गणपतीला आला नाही, मग निरोप येणं बंद झालं. कोणी म्हणे कल्याणला दुसरं बिऱ्हाड केलंय, कोणी म्हणे आजारी आहे. सासू-सासरे मागेच गेलेले, मूलबाळ नाही. भाताची लावणी, कापणी, गुरं, शेणी, सगळं ती एकटी करायची आणि कोणापुढे रडायची नाही. पडवीत उंबऱ्याशी बसून तिने अण्णांना सांगितलं, ‘अण्णा, माजं एकच हाय. घरवाला येऊ दे. बाकी काय मागू नका.’ अण्णांनी मान हलवली. ती मान हलवण्याची एक खास संथ तऱ्हा होती, आणि ती मला ओळखीची होती. पण आंबोळ्यांचं पीठ आंबत होतं, पाव्हणे यायचे होते, मी कुठे लक्ष देऊ.

दुपार कलली, ढोल वाजले, पालखी सहाणेवर बसली. अण्णा धुतलेलं धोतर नेसून पुढे झाले. आरंभ ठीक झाला. देवाची नावं, गावाच्या सीमा, मानकऱ्यांची घराणी, सगळं आबांसारखं. ‘व्हय महाराजा’ दणक्यात आला. मग अण्णा म्हणाले, ‘महाराजा, यंदा पाऊस माफक पडू दे.’ आलेला ‘व्हय’ जरा अडखळला. ‘आंबा पुरेसा धरू दे, फार नको.’ आता माझ्या मागे कोणीतरी विचारलं की फार नको हे ह्यांना सांगितलं कोणी. ‘सगळ्यांना सुख दे, पण इतकं नको की माणसं माजतील.’ मुंबईकर हसायला लागले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आई डोक्यावरचा पदर पुढे ओढून जमिनीकडे बघत होती.

आणि मग शेवंतीकाकीचा नारळ आला. अण्णांचा आवाज मऊ झाला, त्यांच्या मनात खरंच तिची माया होती, ते मी आजही नाकारत नाही. ते म्हणाले, ‘महाराजा, ह्या लेकीचा धनी येईल किंवा येणार नाही, ते तिच्या हातात नाही. तू तिला धीर दे, की तो आला नाही तरी तिचं मन ढळू नये.’

कोणी ‘व्हय महाराजा’ म्हणालं नाही. एवढा गाव, चिटपाखरू हललं नाही. गाऱ्हाण्याला होकार मिळाला नाही असं आमच्या गावात मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. म्हणणार तरी कसं? ‘तो येणार नाही’ ह्याला व्हय म्हणायचं? दोन वर्षं जे सगळ्यांनी तिच्या माघारी कुजबुजलं होतं, ते ह्या शहाण्या माणसाने देवासमोर, तिच्यासमोर, मुंबईकरांसमोर हाक घालून सांगितलं. शेवंतीकाकी बायकांतून उठली, पालखीपाशी गेली, मांडलेल्या नारळांतला आपला नारळ उचलला, पदराखाली घेतला आणि घराकडे चालायला लागली. देवापुढचा नारळ परत उचलायचा नसतो. तिला कोणी अडवलं नाही. ढोलवाल्यांनीच घाबरून ढोल वाजवायला सुरुवात केली.

घरी पुरणपोळ्या तशाच राहिल्या. आबाकाकांना कोणीतरी जाऊन सांगितलं होतं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि आईने दिलेलं पाणीही घेत नव्हते. अण्णा पडवीत बसून म्हणत होते की लोकांना समजलं नाही. खोटी आशा मागून तिचं काय भलं झालं असतं? सुख दुसऱ्याच्या येण्या-जाण्यावर टांगून ठेवलं तर ते सुख कसलं? तिला धीर मिळाला तर तो कोणी काढून नेऊ शकत नाही. हे सगळं शांतपणे, वर्गात सांगतात तसं. आणि माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, ‘धीर तिच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त आहे. एकटी नांगर धरते ती. तुम्हाला साधा फणसचोर हाकलता येत नाही आणि तुम्ही तिच्यासाठी धीर मागता? तिने नवरा मागितला होता, अण्णा. गावात तिचं दुःख तोंडावर कोणी बोललं नव्हतं, ते तुम्ही बोललात. तुमचे ते दोघे मेले ते बरं झालं, तुम्ही जिवंत माणसांत आहात ते जरा बघा.’

मी आयुष्यात त्यांना असं बोलले नव्हते. आई दारात पीठभरल्या हातांनी उभी राहिली. अण्णा, खरं सांगते, बोटांवर मोजायला लागले. माणूस योग्य आहे, म्हणाले. कारण योग्य आहे. ‘आता पुरे,’ आई म्हणाली, ‘तुम्ही रागाचं माप घेत बसा, तिकडे ती बाई उपाशी असेल.’ तेव्हा कुठे त्यांचा हात खाली आला. चेहरा असा झाला की मला त्यांची कीव आली, आणि त्याचाही मला रागच आला.

सकाळी आईने त्यांना शेवंतीकाकीकडे पाठवलं आणि मला बरोबर लावून दिलं, कारण एकटे गेले तर परत काहीतरी समजावतील अशी तिला खात्री होती. काकी अंगण सारवत होती. पालखी घरोघर निघाली होती, तिच्याकडे दुपारपर्यंत येणार होती. तिने आमच्याकडे बघितलं आणि सारवत राहिली. अण्णा म्हणाले, माझं चुकलं. तिने विचारलं, काय चुकलं. अण्णांनी तोंड उघडलं, त्यातून एक लांबलचक वाक्य निघणार हे मला दिसलं आणि मी त्यांच्या कोपराला धरलं. मग तिनेच सांगितलं.

‘मी देवाकडं मागितलं व्हतं, अण्णा, तुमच्याकडं नाय. तुमी फकस्त पोचवायचं व्हतं. द्यायचं का नाय ते त्याचं तो बघंल.’

अण्णांनी मान खाली घातली. वर्गात ते दरवर्षी शिकवायचे की प्रत्येक गोष्टीचा गुण तिच्या कामात असतो, सुरीचा गुण कापणं, डोळ्याचा गुण बघणं. हाक घालणाऱ्याचं काम हाक घालणं, हे त्या माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी इतकंच विचारलं की आता काय करू. काकी म्हणाली, पालखी येईल तेव्हा ह्याच अंगणात म्हणा, आणि हळू नको, वरच्या आळीला ऐकू गेलं पाहिजे. मग हात धुऊन तिने आम्हाला चहा दिला. रागात होती म्हणून साखर कमी घातली नाही.

पालखी आली. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कालचं कळल्यावर शेजारच्या वाडीतलेही आले होते, तमाशा बघायला, दुसरं काय. काकीने तोच नारळ पुढे ठेवला. अण्णा उभे राहिले. मग त्यांनी डोळे मिटले आणि असा आवाज काढला की मला वाटलं आबाकाका उठून आले. ‘महाराजा, हिचा धनी महादेव, त्याला घरी आण!’ ‘व्हय महाराजा!’ ‘वाट चुकला असंल तर वाट दाव, आजारी असंल तर बरा कर, कोणी धरून ठेवला असंल तर त्याचा हात सोडव!’ ‘व्हय महाराजा!’ ‘यायची लाज वाटत असंल तर लाज काढ. पायाला धरून आण, मानेला धरून आण, पण ह्या अंगणात आण!’ कॉलेजातली भाषा कुठल्या कुठे गेली होती. शिरा ताणलेल्या, तोंड लाल, गालांवरून पाणी. मधलं-बिधलं काही उरलं नव्हतं. बघायला आलेले होकार देऊन देऊन घोगरे झाले. काकी हात जोडून उभी होती आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या देखत रडत होती. मीही रडले, आता लपवून काय उपयोग.

महादेव आला नाही. त्या शिमग्याला नाही, गणपतीला नाही, कधीच नाही. आणि ह्यानंतर अण्णांनी आम्हाला जो ताप दिला तो वेगळाच. दरवर्षी पालखी काकीच्या अंगणात आली की हे त्याला मागत राहिले, तितक्याच ओरडून, घसा बसेपर्यंत. माझं लग्न झालं, मी माहेरपणाला शिमग्याला यायची तेव्हाही तेच. आबाकाका गेले, कॉलेज सुटलं, अण्णांचे दात गेले, तरी महादेवाला मानेला धरून आणणं चालू. मी वैतागून म्हणायची, अण्णा, अहो पुरे आता, तो असला तरी म्हातारा झाला असेल. ते म्हणायचे, तिने सांगितल्याशिवाय मी कसं थांबवू? ह्या माणसाला काही बोलण्यात अर्थ नव्हता. मी हात टेकले होते.

मग एका वर्षी पालखी अंगणात टेकली, काकीने नारळ ठेवला आणि अण्णा घसा साफ करायला लागले, तेवढ्यात ती काठी टेकत त्यांच्याजवळ आली. सगळं अंगण कान देऊन ऐकत होतं.

‘अण्णा, ह्या साली घरवाला नको,’ ती म्हणाली. ‘लय झालं. ह्या साली गुडघे मागा.’

एवढी वर्षं ओरडलेल्या अण्णांनी वाकून, अगदी हळू विचारलं की कुठला, उजवा की डावा.

‘दोन्ही मागा,’ काकी म्हणाली. ‘एकावर भागवू नका.’

अण्णांनी डोळे मिटले आणि दोन्ही मागितले.